एक युनिट म्हणजे किती?

दख्खनच्या विहिरीवर शक्तीचें माप बैलांचें होतें. मोट दोन बैलांची कीं चार बैलांची, एवढें सांगितलें म्हणजे ऐकणारास पाण्याचा अदमास येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत जेम्स वॅटनें त्याच रीतीनें घोडा पत्करला, आणि मिनिटास ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ति असें ठरविलें. पुढें युरोपांतील मेट्रिक देशांनीं आपला घोडा निराळा केला. इंग्रजी घोडा सुमारें ७४६ वॅटचा, तर युरोपीय ७३५.५ वॅटचा. हा फरक शेंकडा दीडहि भरत नाहीं. पण हिशेबांत असा बारीक फरकच फार दिवस दडून राहतो.

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाणी अडवून टाटांच्या कंपनीनें १९१५ सालीं खोपोलीस वीज काढली. ती मुंबईच्या गिरण्यांस गेली; घाटाच्या वरचीं पिंपरी-चिंचवड हीं तेव्हां खेडींच होतीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, त्याच वर्षीं कोयनेची वीज वाहूं लागली, आणि कारखान्यांची रांग भोसरी, आकुर्डी करीत पुढें चाकणपर्यंत पोंचली. नेमका हाच काळ मापें बदलण्याचाहि होता. १९५७ च्या एप्रिलांत आण्याचे सवासहा नवे पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्यानुसार मण-शेर हळूहळू मागें पडले. अश्वशक्ति मात्र मोटारींच्या पाट्यांवर टिकून राहिली. युरोपीय धर्तीच्या गाड्या चाकणला बनूं लागल्यावर तर दोन्ही घोडे एकाच तबेल्यांत आले!

मापांचें असें स्थित्यंतर किती महाग पडूं शकतें, हें कानडानें १९८३ च्या जुलैंत पाहिलें. तेथें पौंडांकडून किलोग्रॅमकडे जाण्याचें काम चाललें होतें. एका नव्या बोइंग विमानांत इंधन भरतांना लिटरास ०.८ किलोग्रॅम या गुणकाऐवजीं जुना १.७७ पौंडांचा गुणक लावला गेला, आणि उत्तर किलोग्रॅम म्हणून वाचलें गेलें. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनहि कमी इंधन घेऊन विमान उडालें, व वाटेंतच त्याचीं दोन्ही एंजिनें बंद पडलीं. वैमानिकांनीं तें तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धांवपट्टीवर उतरविलें; सर्व माणसें वांचलीं.

कारखान्याच्या ऊर्जेचा पुढील वर्षाचा अंदाज आज संगणक करतो. संगणक गुणाकार अचूक करतो. पण आंकड्यामागें कोणतें माप आहे, हें तो सांगितल्यावांचून जाणत नाहीं. त्याच्या कोष्टकांत वीज युनिटांत येते, भट्टीची उष्णता किलोकॅलरींत, पंप अश्वशक्तींत. उत्तर विपरीत आलें म्हणजे सारें कोष्टक चाळीत बसण्यापेक्षां आलेल्या उत्तरास अपेक्षित उत्तरानें भागावें. भागाकार ३.६ आला, तर युनिट व मेगाज्यूल यांची गल्लत झाली आहे. ८६० आला, तर किलोकॅलरी आड आली. १,००० आला, तर वॅट व किलोवॅट, १.७३ आला, तर त्रिकल विजेचें वर्गमूळ तीन एकदां अधिक किंवा उणें धरलें गेलें. दहा आला, तर बहुधा एकानें लाख लिहिले व दुसऱ्यानें ते दशलक्ष म्हणून वाचले. ही शेवटची चूक खास आपल्या देशांतली.

मीटरचा गुणक हें प्रकरण याहून अवघड. समजा, २२,००० व्होल्टांचा पुरवठा घेणाऱ्या कारखान्यांत प्रवाह १०० वरून ५ अँपिअरवर उतरविला आहे व दाब २२,००० वरून ११० व्होल्टांवर. वीस गुणिले दोनशें म्हणजे मीटरवरील एक आंकडा चार हजार युनिटांचा झाला. पुढें भार वाढला म्हणून १०० च्या जागीं २०० अँपिअरचें उपकरण बसविलें, पण कोष्टकांत गुणक चार हजारच राहिला, तर खप अर्धाच दिसेल. कागदावर ती काटकसर ठरेल, व त्या भरंवशावर नव्या यंत्रांची मागणीहि मंजूर होईल. येथें भागाकार अर्धा येतो. परंतु अर्धा हा आंकडा इतका साधा आहे कीं एक पाळी बंद होती असें म्हणूनहि त्याची समजूत घालतां येते. तेव्हां उपकरणावरील पाटी प्रत्यक्ष वाचून ती कोष्टकाशीं ताडणें, एवढाच उपाय उरतो.