अंगठ्याचा ठेका : ‘लेव्हल ४२’ची कुळकथा

जॅझ-फंक या जोडनावातील दोन्ही शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आलेले आहेत. जॅझमध्ये मूळ चालीचा सांगाडा कायम ठेवून वादक दरवेळी नवी उपज करतो; तर फंकमध्ये, विशेषतः जेम्स ब्राउनच्या १९६० च्या दशकातील ध्वनिमुद्रणांपासून, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सर्व वाद्ये एकवटतात आणि उरलेल्या मात्रांमध्ये एकमेकांनी सोडलेल्या जागा भरत राहतात. हर्बी हॅनकॉकच्या ‘हेड हंटर्स’ या आल्बमने (१९७३) या दोन प्रवाहांचे मिश्रण लोकप्रिय केले. ब्रिटनमध्ये ते मुख्यतः आयात केलेल्या तबकड्यांमधून आणि त्या वाजवणाऱ्या डीजेंच्या आवडीनिवडींतून पसरले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस आग्नेय इंग्लंडमधील नृत्यक्लबांत त्याला स्वतःचा श्रोतावर्ग लाभला. या श्रोत्यांसाठी हाय-टेन्शन, लाइट ऑफ द वर्ल्ड, फ्रीझ असे देशी बँड उभे राहिले. त्यांच्याच पिढीतील ‘लेव्हल ४२’ची ओळख मात्र एका वादनतंत्राशी कायमची जोडली गेली, आणि ते तंत्र बेस गिटारवर अंगठ्याने आघात करण्याचे होते.

बेस गिटारला सामान्यतः चार जाड तारा असतात आणि तिचा स्वर साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली लागतो. ती बोटांनी किंवा नखीने छेडण्याची रीत रूढ असताना, १९६० च्या दशकात लॅरी ग्रॅहम या तरुणाने निराळी वाट काढली. सॅन फ्रान्सिस्को परिसरात तो आपल्या आईबरोबर कार्यक्रम करीत असे, आणि त्यांच्या जोडीला ड्रमवादक नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी तो ड्रमच्या घुमाऱ्याच्या जागी अंगठा तारेवर आपटू लागला आणि वरच्या कडक आघाताच्या जागी बोटाने तार ओढून सोडू लागला. पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडमधून त्याचे वादन सर्वत्र पोहोचले आणि या पद्धतीला ‘स्लॅप’ म्हणजे चापट हे नाव पडले.

हेच तंत्र पुढे उचलणारा ‘लेव्हल ४२’चा बेसवादक मार्क किंग याचा जन्म १९५८ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट या बेटावरील काउझ गावी झाला, आणि तो मुळात ड्रमवादक होता. त्याचे भावी सहकारी फिल आणि बून गूल्ड हे भाऊही त्याच बेटावरचे. फिल लंडनमधील गिल्डहॉल या संगीत व नाट्य महाविद्यालयात शिकत असताना तेथे त्याची माइक लिंडप या कीबोर्डवादकाशी ओळख झाली. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनचा ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा बँड या तरुणांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांनी मॅकलॉफ्लिनला दिलेले ‘महाविष्णू’ हे नाव मिरवणाऱ्या त्या ताफ्यात बिली कॉबहॅम ड्रम वाजवीत असे, आणि अवघड मात्रासंख्यांची आवर्तने अतिद्रुत लयीत पेलण्याची हौस या मुलांना तेथूनच लागली. मात्र एकाच बँडमध्ये दोन ड्रमवादकांना वाव नव्हता. फिल ड्रमवर बसलेलाच होता, बूनच्या हाती गिटार होती आणि किंगने आपला ड्रमसंच विकून टाकलेला होता. उरली ती बेस गिटार, आणि किंगने ती उचलली.

त्या काळात तो लंडनमधील एका वाद्यांच्या दुकानात नोकरी करीत होता. तेथे येणारे अमेरिकी फंकवादक स्लॅपचे प्रात्यक्षिक दाखवीत, ते पाहून त्याने हे तंत्र आत्मसात केले आणि त्याला स्वतःचे वळण दिले. बेस गिटार कंबरेपाशी न लोंबकळवता तो तिचा पट्टा आखूड करून ती छातीशी बांधतो. उजव्या अंगठ्याच्या हाडाची कड तारेवर जेथे आपटते तेथे ती तार खालच्या धातूच्या पडद्यांवर आदळून टणत्कार करते, आणि लगेच दुसऱ्या तारेखाली गेलेले बोट तिला ओढून सोडते. या दोन आघातांच्या मधल्या फटीत डाव्या हाताची बोटे तारांवर सपाट पडतात, तेव्हा स्वर न उमटता नुसता मुका ठोका ऐकू येतो. उजवा, डावा, उजवा अशा या क्रमाने एका मात्रेचे चार समान भाग सहज भरतात, आणि ड्रमवादकाच्या दोन काड्या जे काम करतात तेच येथे दोन हात करताना दिसतात.

हा बँड १९८० च्या सुमारास आकाराला आला. त्याच्या नावातील ४२ हा आकडा डग्लस ॲडम्सच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’मधून घेतलेला आहे, त्या विनोदी विज्ञानकथेत जीवन, विश्व आणि इतर सर्व काही यांविषयीच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर म्हणून महासंगणक तेवढाच आकडा सांगतो. आरंभी बँडचा भर वाद्यसंगीतावर होता. ‘एलिट’ या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या अँडी सोयका याने त्यांची ‘सँडस्टॉर्म’ ही रचना ऐकली आणि शब्द घालून गाण्याचा आग्रह धरला, त्यातून १९८० मध्ये ‘लव्ह मीटिंग लव्ह’ ही पहिली सिंगल निघाली. अशा रीतीने किंगच्या वाट्याला गायनही आले, आणि त्याच्या भरदार आवाजाला लिंडपच्या उंच, पातळ आवाजाची जोड मिळाली. पॅरिसमध्ये जन्मलेला, मूळ बेनिनचा वॅली बदारू मंचावर दिसत नसला, तरी सिंथेसायझरवादन आणि गीतरचना यांमुळे तो बँडचा पाचवा सदस्यच मानला जाई.

त्यानंतर पॉलिडोर या मोठ्या कंपनीने बँडला करारबद्ध केले. बँडचेच नाव दिलेला पहिला आल्बम १९८१ मध्ये आला, आणि त्याचा निर्माता माइक व्हर्नन हा ब्लूज संगीतातील जुना जाणकार होता. त्यातील ‘लव्ह गेम्स’ ब्रिटिश क्रमवारीत ३८ व्या स्थानापर्यंत पोहोचले. एलिटसाठी केलेली आरंभीची ध्वनिमुद्रणे ‘द अर्ली टेप्स’ या नावाने १९८२ मध्ये बाहेर आली. पुढच्या वर्षीच्या ‘स्टँडिंग इन द लाइट’ची निर्मिती ‘अर्थ, विंड अँड फायर’ या अमेरिकी बँडच्या लॅरी डन आणि व्हर्डीन व्हाइट यांनी केली, आणि त्यातील ‘द सन गोज डाउन’ पहिल्या दहांत आले. व्हर्डीन व्हाइट स्वतः बेसवादक होता. म्हणजे अमेरिकी वादकांकडे पाहून घडलेला अंगठा तीन वर्षांत एका अमेरिकी बेसवादकाच्याच देखरेखीखाली ध्वनिमुद्रित होऊ लागला. ‘लेसन्स इन लव्ह’च्या (१९८६) सुमारास बँड मुख्य प्रवाहातील पॉपकडे पुष्कळ सरकला, तरी त्या गाण्यांच्या तळाशी वाजणारा बेस तोच राहिला.

या तंत्राची दोन जन्मस्थाने शेजारी ठेवली, तर त्यांच्यातील नाते स्पष्ट होते. ग्रॅहमने तारेवर अंगठा मारला तो ड्रमची जागा रिकामी होती म्हणून, आणि किंगने मारला तो ती जागा आधीच भरलेली होती म्हणून. एकाला नसलेल्या ड्रमचे काम तारांकडून करून घ्यायचे होते, तर दुसऱ्याचे हात ड्रमवरून उठले तरी ड्रम वाजवणे विसरले नव्हते.