पाणबुड्यांचे घड्याळ

पाण्याखाली घालविलेला कालावधी मोजण्यासाठी पाणबुडा मनगटावर बांधतो ते जलाभेद्य घड्याळ. बरोबर नेलेली हवा किती वेळ पुरेल आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना किती थांबावयाचे, हे मिनिटांच्या हिशोबावर ठरत असल्याने तबकडी चुकीची वाचणे प्राणावर बेतू शकते.

रोलेक्सचे ‘ऑयस्टर’ (१९२६) व ओमेगाचे ‘मरीन’ (१९३२) ही जलाभेद्य घड्याळे आधीची असली, तरी आजचे रूप १९५३ मध्ये आले. रॉबेर मालूबिए व क्लोद रिफो या फ्रेंच नौदली अधिकाऱ्यांना काळी तबकडी, ठळक चकाकते आकडे आणि फिरते कडे असलेले घड्याळ हवे होते. ब्लाँपँ या स्विस कंपनीचे प्रमुख झाँ-झाक फिश्टर स्वतः पाणबुडे होते. त्यांच्या ‘फिफ्टी फॅदम्स’ने ही गरज भागविली. बुडी मारताना कड्यावरील खूण मिनिटकाट्यासमोर आणली, की गेलेली मिनिटे थेट वाचता येतात. पुढे कडे एकाच दिशेने फिरणारे झाले. धक्का बसला तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी नाही.

डॉक्साने १९६७ मध्ये ‘सब ३००’ला नारिंगी तबकडी दिली व ती फार गाजली. मात्र नारिंगी रंग खोल पाण्यात सर्वांत उठून दिसतो, हा त्यातून रूढ झालेला समज सरसकट खरा नाही. अगदी शुद्ध पाण्याच्या १० मी. थरातूनही तांबडा प्रकाश (६५० नॅनोमी.) सु. ३ टक्के, नारिंगी (६०० नॅनोमी.) सु. ११ टक्के, तर हिरवा (५५० नॅनोमी.) निम्म्याहून अधिक पार जातो. त्यामुळे उथळ पाण्यात झळकणारी नारिंगी तबकडी ३० मी. खोलीवर मळकट तपकिरी भासते. विजेरी जवळ धरताच मूळ रंग परततो. गढूळ किनारी पाण्यात निळा प्रकाशही लवकर शोषला जातो व पिवळसर हिरवा टिकतो. तेथे पिवळी तबकडी अधिक उजळ दिसते. खोलवर वाचनीयता रंगापेक्षा उजळ-काळ्या भेदावर अवलंबून असते. डॉक्साच्या यशातही लहान तासकाटा व ठसठशीत मिनिटकाटा यांचा वाटा, प्रस्तुत लेखकाच्या मते, रंगाइतकाच होता.

आयएसओ ६४२५ या मानकानुसार (१९८२) घड्याळ अंधारात २५ सेंमी. अंतरावरून वाचता आले पाहिजे. त्यासाठीचा रेडियमयुक्त लेप किरणोत्सर्गामुळे मागे पडून ट्रिटियम आले. १९९० नंतरच्या दशकात त्याची जागा किरणोत्सर्गी नसलेल्या, प्रकाश साठविणाऱ्या लेपांनी घेतली.