नऊ विजय आणि एक नकार



शाळेच्या व्यासपीठावरून क्रीडेतिहास सांगितला जातो, तो बहुधा विजयांचा. आज मी एका नकाराचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहे.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट धर्मगुरूंनी चालवलेली एक लहानशी संस्था. १९५१ च्या मोसमात तिच्या फुटबॉल संघाने नऊ सामने खेळले व नऊही जिंकले. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. यात चेंडू काखेत घेऊन प्रतिपक्षाची फळी भेदीत धावायचे असते. प्रशिक्षक होते जो कुहारिक. ओली मॅटसन या खेळाडूने त्या मोसमात १,५६६ यार्डांची मजल मारून देशात पहिला क्रमांक मिळवला. सर्वांत अटीतटीचा सामना न्यूयॉर्कच्या फोर्डमशी झाला. तोही ३२-२६ असा जिंकला.

मोसमाअखेर नामांकित संघांना 'बाउल' सामन्यांची निमंत्रणे येत. फुटबॉलचा खर्च विद्यापीठाला पेलवेनासा झाला होता आणि अशा सामन्याच्या उत्पन्नावर पुष्कळ भिस्त होती. परंतु हे मोठे सामने बहुतांशी दक्षिणेत होत आणि तेथे वर्णभेद कायद्यानेच रूढ होता. संघात मॅटसन व बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय होते. त्या दोघांना मागे ठेवून आलात तर निमंत्रण मिळेल, असे सुचवण्यात आल्याचे खेळाडूंनी पुढे सांगितले. संघाने साफ नकार दिला.

संघाचे प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळे होते, म्हणून निमंत्रण आले नाही, असाही एक पक्ष आहे. तो अगदीच निराधार नाही; तथापि केवळ त्याने उलगडा होत नाही. या संघातील नऊ खेळाडूंची निवड व्यावसायिक संघांनी केली. मॅटसन, जिनो मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात विराजमान झाले. अशा संघाला दुबळा कोण म्हणेल?

नकाराची किंमत मोठी होती. त्या मोसमानंतर विद्यापीठाने फुटबॉल संघच बंद केला. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ मध्ये लागला. म्हणजे या तरुणांच्या पाठीशी तेव्हा ना कायदा होता, ना लोकमत.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसनने ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक पटकावले, हा योगायोग महाराष्ट्रीय श्रोत्यांना खचितच सुखवील.

टोलरची कथा मला अधिक मोलाची वाटते. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ १९५२ मध्येच संपला. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाला. आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी झाला. ज्याला मैदानाबाहेर ठेवावे अशी सूचना झाली होती, त्याच्याच हाती मैदानावरील न्यायाची शिट्टी आली.

२००६ मध्ये विद्यापीठाने हयात खेळाडूंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पंचावन्न वर्षांनी झालेला हा गौरव नऊ विजयांचा तर होताच. पण त्याहून अधिक, सोबत्याला मागे टाकून मिळणारा मान नाकारणाऱ्या तरुण मनांचा होता. विद्यालयांनी घडवावी ती हीच माणसे.