हिमप्रदेशातील टाकीविरहित गॅस जलतापकाची धूरनिर्गम व्यवस्था

टाकीविरहित गॅस जलतापकातील ज्वलनातून निर्माण होणारे वायू घराबाहेर सोडणारी आणि ज्वलनासाठी ताजी हवा आत आणणारी नळ्यांची योजना म्हणजे धूरनिर्गम व्यवस्था होय. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग यांसारख्या हिमवर्षावाच्या प्रदेशांत ही नळी बर्फाने बुजण्याचा धोका असतो. त्यामुळे तिची जागा, उंची व उतार यांना विशेष महत्त्व आहे.

स्वरूप
या उपकरणात गरम पाण्याचा साठा नसतो. नळ उघडताच ज्योत पेटते आणि वाहते पाणी तापते. अल्पावधीत पुरेशी उष्णता द्यावी लागत असल्याने मोठ्या घरगुती उपकरणाची ज्वलनक्षमता ५० किलोवॅटहून अधिक असू शकते. नैसर्गिक वायूच्या पूर्ण ज्वलनातून कार्बन डायॉक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. एक घनमीटर वायूपासून सुमारे दीड किलोग्रॅम पाणी बनते. हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व विषारी वायू निर्माण होतो.

प्रकार
साध्या जलतापकाचे निर्गम वायू अतिशय उष्ण असतात. त्यांसाठी पोलादी नळी वापरतात. संघनन प्रकारच्या जलतापकात वाफेतील उष्णताही पाण्याला दिली जाते. त्यामुळे कार्यक्षमता ९० टक्क्यांहून अधिक होते आणि वायू इतके थंड होतात की उत्पादकाने मान्य केलेली प्लॅस्टिकची नळी चालते. या प्रकारात साचणारे पाणी आम्लधर्मी असते. ते चुनखडीच्या खड्यांतून नेऊन उदासीन करतात. काही व्यवस्थांत आवक व निर्गम यांच्या नळ्या स्वतंत्र असतात, तर काहींत एका नळीच्या आत दुसरी बसवलेली असते.

हिमामुळे येणाऱ्या अडचणी
१. भिंतीतून बाहेर काढलेले नळीचे तोंड वाऱ्याने साचलेल्या किंवा छपरावरून घसरलेल्या बर्फाखाली गाडले जाते.
२. बाहेर पडणारी वाफ तोंडाशी व भिंतीवर गोठते. निर्गम वायू आवक नळीत ओढले गेल्यास तिच्या जाळीवरही बर्फ धरतो.
३. उपकरण बंद असताना थंड वारा नळीतून आत शिरतो आणि उष्णता-विनिमयकातील पाणी गोठून नळ्या फुटू शकतात. गोठण-प्रतिबंधक तापक बहुधा विजेवर चालतात. वादळात वीज गेल्यास त्यांचा उपयोग होत नाही. अशा वेळी उपकरणातील पाणी काढून टाकणे हितावह ठरते.

उपाययोजना
नळीचे तोंड अपेक्षित हिमपातळीपेक्षा किमान १२ इंच (सुमारे ३० सेंटिमीटर) उंच ठेवण्याची सूचना सामान्यतः दिली जाते. भिंतीवर तेवढी उंची मिळत नसल्यास नळी बाहेरून वर वळवतात किंवा छपरातून काढतात. इमारतीचे आतले कोपरे, छपराच्या पागोळीखालील जागा आणि खिडक्यांलगतची जागा टाळतात. संघनन जलतापकाच्या निर्गम नळीला सहसा दर फुटाला पाव इंच याप्रमाणे उपकरणाकडे उतार देतात, म्हणजे पाणी बाहेरच्या तोंडाशी गोठत नाही. प्रत्येक मोठ्या हिमवर्षावानंतर तोंडाभोवतीचा बर्फ हाताने काढणे आवश्यक असते. बर्फ ढकलणाऱ्या यंत्राचा झोत त्या भिंतीवर पडू देऊ नये.

नियम व सुरक्षा
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जानेवारी २००५ मध्ये घर तापवणाऱ्या उपकरणाची धूरनळी बर्फाने बुजून सात वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी, इंधन जाळणारी उपकरणे असलेल्या घरांत कार्बन मोनॉक्साइड-सूचक घंटा सक्तीची करणारा कायदा तेथे संमत झाला. भिंतीतून निघणारी धूरनळी जमिनीपासून ७ फुटांहून कमी उंचीवर असल्यास, तिच्या सरळ रेषेत किमान ८ फूट उंचीवर ‘खाली गॅसची धूरनळी आहे, ती मोकळी ठेवा’ अशा आशयाची पाटी लावण्याचा नियमही तेथे आहे. नळी गाडली गेली तरी तिची जागा पाटीमुळे सापडते. घंटा वाजल्यास सर्वांनी तत्काळ घराबाहेर पडून आपत्कालीन सेवेस कळवावे.

भारतातील संदर्भ
महाराष्ट्रात हाच जलतापक ‘गॅस गिझर’ म्हणून परिचित आहे. येथे बर्फाचा प्रश्न नसला तरी धोक्याचे कारण तेच आहे. धूरनळी नसलेला गिझर बंद न्हाणीघरात वापरल्याने गुदमरून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवण्याची शिफारस केली जाते.