वयोमानानुसार येणारा बहिरेपणा: औषधाने थांबतो का?

“डॉक्टर, आईला आता टीव्ही फार मोठा लावावा लागतो. कानाची ताकद वाढवणारी एखादी गोळी लिहून द्या.” ओपीडीत नातेवाईक असे नेहमी विचारतात. याचे खरे उत्तर असे: वयामुळे येणारा बहिरेपणा थांबवणारे किंवा त्याचा वेग कमी करणारे, मान्यताप्राप्त औषध आज उपलब्ध नाही.

असे का?
आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या आवाजाचे संदेश नसेमार्फत मेंदूकडे पाठवतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे काय?
नेदरलँड्समध्ये ७२८ जणांना तीन वर्षे फॉलिक अ‍ॅसिड किंवा नुसती साखरेसारखी गोळी देऊन पाहिले गेले (२००७). फरक पडला तो फक्त खालच्या पट्टीच्या आवाजांत, आणि तोही सुमारे ०.७ डेसिबल, म्हणजे जाणवणारही नाही इतका. बी-१२ कमी असेल तर ते जरूर घ्या, पण कान सुधारेल या आशेने महिनोन्‌महिने महागड्या गोळ्या घेऊ नका.

कानाला अपाय करणारी औषधे
जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन, तसेच जास्त मात्रेतील फ्युरोसेमाइड व अ‍ॅस्पिरिन यांनी ऐकणे कमी होऊ शकते. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. मनाने कोणतेही औषध बंद करू नका.

मग करायचे काय?
• आधी कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. कानात तेल टाकू नका, काडी घालू नका.
• ऑडिओमेट्री करा. ऐकणे किती कमी झाले आहे, ते तिच्यातून कळते.
• मळणीयंत्र, ट्रॅक्टर, जिनिंगची मशीन, लग्नातला डीजे यांच्याजवळ थांबावे लागले तर इअरप्लग वापरा.
• मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवा. तंबाखू, विडी सोडा.
• सांगितले असल्यास श्रवणयंत्र लवकर लावा. सवय व्हायला काही आठवडे लागतात, पेटीत ठेवून देऊ नका. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

ताबडतोब कधी दाखवावे?
एक-दोन दिवसांत अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर ते वयामुळे नाही. तेव्हा स्टिरॉइडचा उपयोग होऊ शकतो, पण उशीर झाला की ती संधी जाते. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

घरच्यांना एक विनंती: ओरडून बोलू नका. समोर बसा, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला. गोळीपेक्षा याचा उपयोग आजच होईल.