आवाज पोचल्याची पावती

हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे ‘हॅम’ मंडळींच्या घरी रंगीबेरंगी कार्डांची थप्पी हमखास सापडते. कार्डाच्या एका बाजूला चित्र आणि ठसठशीत कॉलसाइन, म्हणजे केंद्राचे सांकेतिक नाव, असते, दुसऱ्या बाजूला छोटा तक्ता. कुणाशी बोलणे झाले, कोणत्या तारखेला, जागतिक प्रमाणवेळेनुसार किती वाजता, कोणत्या लहरींवर, मोर्सने की आवाजाने, आणि पलीकडचे कसे ऐकू आले, एवढा मजकूर आणि खाली सही. हे क्यूएसएल कार्ड. शंभराहून अधिक वर्षांत त्याचे काम अनेकदा बदलले, पण एक नियम टिकून राहिला. तुमचा आवाज कुठवर पोचला हे तुम्ही सांगून चालत नाही. ते पलीकडच्याने लिहून द्यावे लागते.

कार्डाचे नाव आले समुद्रावरून. १९०९च्या सुमारास ब्रिटिश सरकारने आपली जहाजे आणि किनाऱ्यावरची बिनतारी केंद्रे यांच्यासाठी तीन अक्षरी संकेतांची यादी तयार केली. प्रत्येक संकेताची सुरुवात क्यू या अक्षराने होई. १९१२च्या लंडन परिषदेनंतर ही यादी आंतरराष्ट्रीय झाली. त्यामुळे एकमेकांची भाषा न येणारे दोन तारयंत्री मोर्सच्या ठिपक्या-रेघांतून कामापुरते बोलू लागले. याच यादीत क्यूएसएल हा पोचेचा संकेत होता. पुढे प्रश्नचिन्ह लावले तर ‘पोच देता का?’, न लावले तर ‘पोच देतो’.

त्याच १९१२ साली अमेरिकेच्या रेडिओ कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलले. या लहरी दूर जात नाहीत, अशी तेव्हाच्या जाणत्यांची समजूत होती. मग निरोप दूर न्यायचा तर एकाने ऐकून दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायचा, हाच मार्ग उरला. त्यासाठी हायरम पर्सी मॅक्सिम आणि क्लॅरन्स टस्का यांनी १९१४मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था काढली. साखळीत बसायचे तर आपला संदेश कुठवर ऐकू जातो हे माहीत हवे. ते कळायला स्वस्त आणि खात्रीचे साधन एकच होते, टपाल.

अशा कार्डाचा सर्वांत जुना उल्लेख १९१६चा मिळतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या ‘८ व्हीएक्स’ने फिलाडेल्फियाच्या ‘३ टीक्यू’ला ते पाठवले होते. या कॉलसाइनमध्ये देशाची खूण नाही, आहे तो केवळ अमेरिकेतल्या रेडिओ विभागाचा आकडा. हौशी माणसाचा आवाज देशाबाहेर जाईल हे कुणी धरलेच नव्हते. कार्डाची कल्पना एकाच वेळी अनेकांना सुचली असणेही शक्य आहे, कारण गरज सगळ्यांची सारखीच होती.

१९१७मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि हौशी केंद्रे बंद झाली. १९१९मध्ये ती पुन्हा बोलू लागली. कॉलसाइन, तारीख, लहरींची लांबी यांना ठरावीक जागा देणारे छापील कार्ड त्याच वर्षी ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या सी. डी. हॉफमन यांनी बनवल्याचे मानले जाते. युरोपात पहिले कार्ड वापरण्याचा मान इंग्लंडमधल्या हार्ल्सडेनच्या बिल कॉर्शम यांच्याकडे जातो, साल १९२२.

पुढच्याच वर्षी, आखूड लहरी दूर जात नाहीत ही जुनी समजूत कोसळली. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लेऑं देलुआ आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांच्यात अटलांटिकपार दुतर्फा संभाषण झाले, तेही १०० मीटरच्या आसपास, म्हणजे टाकाऊ ठरवलेल्या लहरींवर. आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परतून हजारो मैल जातात. आता कार्डांवर परदेशी तिकिटे दिसू लागली. १९२५मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला. १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेने कॉलसाइनच्या सुरुवातीची अक्षरे देशांना वाटून दिली. १९३४मध्ये आर्थर ब्राटेन यांनी ऐकू येण्याला आकड्यांत बसवले: स्पष्टता १ ते ५, जोर १ ते ९, मोर्सचा स्वर १ ते ९. म्हणून मोर्सच्या संभाषणाच्या असंख्य कार्डांवर ५९९ हा आकडा दिसतो.

मग कार्डाला पुराव्याचे वजन आले. १९३५मध्ये क्लिंटन डीसोटो यांनी लीगच्या ‘क्यूएसटी’ मासिकात, किती देशांशी बोललो हे कसे मोजावे याची पद्धत मांडली. तिच्यातून १९३७मध्ये शंभर देशांचा सन्मान निघाला. दावा करणाऱ्याने शंभर देशांची कार्डे दाखवायची आणि तपासनिसाने ती पाहायची. खाडाखोड झालेले कार्ड बाद. या सन्मानाच्या यादीत राजकीय देशांबरोबर दूरची बेटेही स्वतंत्र मोजली जातात. म्हणूनच भारताच्या नावे तीन नोंदी आहेत: मुख्य भूमी, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप.

कार्डांची संख्या वाढली तशी त्यांना जगभर पोचवण्याची व्यवस्था उभी राहिली. या कुळकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. प्रत्येक कार्डाला वेगळे तिकीट लावणे अनेकांना परवडत नाही. म्हणून देशोदेशींच्या संस्थांनी ब्यूरो उघडले. आपल्या सभासदांची कार्डे गोळा करायची, देशवार लावायची आणि एकगठ्ठा त्या-त्या देशाच्या ब्यूरोकडे धाडायची. तिथले स्वयंसेवक कॉलसाइनप्रमाणे कप्प्यांत छाननी करतात आणि बटवडा करतात. हात भरभर चालावेत म्हणून कार्डाचा आकारही ठरला, १४ बाय ९ सेंटीमीटर. ज्याला पाठवायचे त्याचे कॉलसाइन मागच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात ठळक लिहायचे, म्हणजे गठ्ठा न सोडता नुसते चाळून वाचता येते. कार्ड पोचायला महिने लागतात, कधी वर्षे. शीतयुद्धाच्या काळात साऱ्या सोव्हिएत हॅमचा पत्ता एकच होता, टपालपेटी क्रमांक ८८, मॉस्को. ज्या देशांची सरकारे एकमेकांकडे संशयाने पाहत होती, त्यांच्या नागरिकांच्या सह्या या एका पेटीतून ये-जा करत राहिल्या.

दुर्मीळ ठिकाणी केंद्र चालवणाऱ्याकडे हजारो कार्डे येतात आणि तिथे टपालाचीच वानवा असते. त्याचे ओझे दुसऱ्या देशातला एखादा हॅम उचलतो. तो क्यूएसएल मॅनेजर. केंद्राच्या नोंदवहीची प्रत त्याच्याकडे असते. कार्ड मागणारा आपले कार्ड, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा आणि परतीचा खर्च पाठवतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन फार वर्षे चालले. १९०६च्या रोम येथील टपाल परिषदेत ठरलेले हे कूपन परदेशात दिले की तिथले तिकीट मिळे. डॉलरची नोटही चाले. नोटेच्या वासाने पाकिटे मधेच गायब होत, म्हणून बाहेर कॉलसाइन लिहू नये, हा धडा नव्या माणसाला आधी मिळे.

मॅनेजरचे खरे काम पडताळणीचे. मुंबईत १५ तारखेच्या पहाटे २ वाजता झालेले बोलणे जागतिक वेळेत १४ तारखेच्या रात्री ८.३०चे असते. कार्डावर स्थानिक तारीख पडली की नोंद सापडत नाही. मोर्समध्ये एस म्हणजे तीन ठिपके, एच म्हणजे चार, पाचचा आकडा म्हणजे पाच. गोंगाटात एक ठिपका निसटला तरी कॉलसाइन बदलते. चांगला मॅनेजर मागेपुढे शोधून अशी चूक ओळखतो. एवढे करूनही नोंद मिळाली नाही तर मात्र तो कार्ड देत नाही. ओळख असो, आर्जव असो, नाही म्हणजे नाही. कार्डाची सारी पत या नकारावर उभी आहे.

भारतात हौशी केंद्रांची सुरुवात १९२१मध्ये कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांच्यापासून धरतात. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये महूच्या सिग्नल स्कूलमध्ये अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया निघाला. १९५४मध्ये तो दिल्लीला गेला आणि अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. सोसायटी सभासदांसाठी ब्यूरोही चालवते. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक चमू पोर्ट ब्लेअरहून बोलू लागला, तेव्हा अंदमानच्या कार्डासाठी जगभरचे चालक तासन्‌तास हाका मारत होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तीच यंत्रे मदतीच्या निरोपांना जुंपली गेली.

आता कागदाला पर्याय आला आहे. लीगने २००३मध्ये ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ सुरू केले. दोघांनी आपापल्या नोंदी अंकीय सहीनिशी पाठवायच्या. लहरींचा पट्टा आणि पद्धत जुळली, वेळेत ३० मिनिटांहून अधिक फरक नसला, तरच संपर्क मान्य. एका बाजूची नोंद, कितीही खरी असली तरी, अडून राहते. अमेरिकी हॅमची ओळख पटवण्यासाठी लीगने वाट निवडली तीही जुनीच: परवान्यावरच्या पत्त्यावर सांकेतिक शब्द लिहिलेले पोस्टकार्ड.

दिवंगत हॅमच्या घरातली कार्डे बहुधा रद्दीत जातात. व्हिएन्नातल्या डोकुफुंक या संग्रहालयाने अशी लाखो कार्डे जतन केली आहेत. आपल्याकडेही कुणाच्या वडिलांची वा आजोबांची असतील तर ती एखाद्या रेडिओ क्लबकडे सोपवावीत. त्यांची नोंदवही ते कुणाकुणाशी बोलले एवढेच सांगेल. ते खरोखर ऐकू गेले, हे सांगणारी कार्डे मात्र त्यांना कधीही न भेटलेल्या माणसांनी वेळ काढून, पदरचे तिकीट लावून पाठवलेली आहेत. ही साक्ष पुन्हा मिळवता येत नाही.