ताळा केलास का?

आमच्या लहानपणी गणिताचे गुरुजी उत्तर काढून झालं की एकच प्रश्न विचारायचे, "ताळा केलास का?" नवाचा ताळा आठवतोय ना मंडळी? २३ गुणिले १४ म्हणजे ३२२. आता २३ च्या अंकांची बेरीज ५, १४ च्या अंकांचीही ५. पाच पाचे पंचवीस, त्याचे पुन्हा ७. उत्तर ३२२, त्याच्या अंकांची बेरीजही ७. जमलं! पण यात एक मेख होती. घाईत ३२२ ऐवजी २३२ लिहिलं तरी ताळा ७ च येतो आणि चुकलेलं गणित बरोबर ठरतं. गुरुजींना ते ठाऊक होतं. म्हणायचे, "ताळा चुकला तर गणित नक्की चुकलं. ताळा जमला तर बहुतेक बरोबर. बहुतेक हं!"

हे आठवायचं कारण म्हणजे वॉर्ड क्रिस्टेन्सन. हे गृहस्थ ११ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी वारले. मला नाव माहीत असायचं काही कारण नव्हतं. माझा अमेरिकेतला भाचा जुन्या संगणकांचा वेडा, त्याने फोनवर सांगितलं. "मावशी, तू आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेस ना? या माणसाने संगणकाला पेपर तपासायला शिकवलं." मग काय, बसले वाचायला आणि भाच्याचं डोकं खायला!

क्रिस्टेन्सन शिकागोचे, नोकरी आयबीएममध्ये. १९७० च्या दशकात अमेरिकेत हौशी लोक घरी छोटे संगणक बाळगू लागले होते. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला हवा असे. तो टेलिफोनवरून पाठवायचा म्हणजे मोडेम हवा. मोडेम संगणकाच्या आकड्यांचे आवाज करून तारेवर सोडतो आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजांचे पुन्हा आकडे करतो. वेग सेकंदाला जेमतेम तीस अक्षरांचा. तीस किलोबाइटचा प्रोग्रॅम यायला सतरा-अठरा मिनिटं लागत. तेवढ्यात तारेवर खरखर झाली किंवा घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला, की मधली काही अक्षरं बिघडलीच. पत्रात एखादं अक्षर बिघडलं तर माणूस अर्थ लावून घेतो. प्रोग्रॅमचं तसं नाही. हजारो अक्षरांतलं एक बदललं तरी यंत्र भलतीकडे जातं नाहीतर थिजून बसतं. आणि कुठलं अक्षर चुकलं ते शोधणार कसं? मूळ प्रत तर त्या तिकडे, दुसऱ्याच्या घरी!

क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये यावर उपाय लिहिला. त्याला पुढे एक्समोडेम म्हणू लागले. युक्ती अगदी शाळेतली आहे. सगळा मजकूर एकदम पाठवायचाच नाही, १२८ अक्षरांचे तुकडे करायचे. (१२८ च का? तर त्या वेळच्या सीपी/एम नावाच्या प्रणालीत डिस्कवर तेवढ्याच मापाचे कप्पे असत.) प्रत्येक अक्षराला संगणकात ० ते २५५ मधला एक आकडा असतो. त्या १२८ आकड्यांची बेरीज करायची, २५६ ने भागायचं आणि उरलेली बाकी तुकड्याच्या शेवटी जोडायची. हाच तो ताळा, इंग्रजीत चेकसम. घेणारा संगणक स्वतः बेरीज करून बघतो. जमली तर "मिळालं" अशी खूण पाठवतो, नाही जमली तर "नाही मिळालं". "नाही मिळालं" आलं की देणारा तोच तुकडा पुन्हा पाठवतो. बस्स, एवढंच!

मला यातली आणखी एक बारीक गोष्ट आवडली. समजा तुकडा नीट पोचला, पण "मिळालं" ही खूणच वाटेत हरवली तर? देणारा तोच तुकडा पुन्हा पाठवणार आणि तो प्रोग्रॅममध्ये दोनदा घुसणार. म्हणून प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घातला. क्रमांकच बिघडला तर? म्हणून त्याच्या शेजारी २५५ मधून तो वजा करून आलेला आकडाही लिहिला. दोघांची बेरीज २५५ आली तरच क्रमांक खरा.

मेख मात्र नवाच्या ताळ्यासारखीच राहिली. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर बेरीज बदलत नाही. एक आकडा तीनने वाढला आणि दुसरा तीनने घटला, तरी नाही. वेडावाकडा बिघाड दर २५६ मागे एकदा तरी निसटू शकतो. म्हणून पुढे बेरजेऐवजी सीआरसी नावाचा भागाकारावर बेतलेला ताळा आला. त्यात अक्षराची जागाही हिशेबात धरली जाते, म्हणून अदलाबदल पकडली जाते. निसटण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक इतकी खाली आली.

आणि इतकं करूनही प्रोग्रॅम चालला नाही तर? भाच्याने जुन्या लोकांच्या खुणा सांगितल्या. दोनदा उतरवून दोन्ही प्रती ताडून बघायच्या. दर वेळी वेगळ्या जागी बिघाड असेल तर दोष तारेचा. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आणि तरी चालत नसेल तर बहुतेक मूळ प्रतच खराब. साधा मजकूर छान येतो पण प्रोग्रॅम बिघडतो, असं असेल तर बघायचं की मोडेमची जोडणी आठऐवजी सात बिटांवर तर नाही ना! इंग्रजी अक्षरांना सात पुरतात, प्रोग्रॅमला आठही लागतात.

जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत हिमवादळ झालं. लोक घरात अडकले. तेव्हा क्रिस्टेन्सन आणि त्यांचे मित्र रँडी सूस यांनी फोनवरून निरोप ठेवता येईल असा संगणकी फळा उभारायला घेतला. १६ फेब्रुवारी १९७८ ला तो सर्वांसाठी खुला झाला. नाव सीबीबीएस. असे हजारो फळे पुढे निघाले आणि त्यावरून प्रोग्रॅमची देवघेव होऊ लागली ती बरीच वर्षं एक्समोडेम आणि त्याच्या पुढच्या भावंडांच्या भरवशावर.

आता जे सांगायचं ते सांगते. १९८४ मध्ये आपल्या सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली आणि अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. आमची शाळाही त्यात आली. मी मराठीची शिक्षिका, पण किल्ल्या माझ्याकडे. प्रोग्रॅम कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने भरायचे. फोन नव्हता तरी दुखणं तेच, आवाजाचे आकडे करायचे! एकदा आठवीतला एक मुलगा कॅसेट लावत होता आणि पडद्यावर 'डेटा?' असं उमटून सगळं थांबलं. मी म्हटलं, "बिघडवलीस ना?" तो म्हणाला, "बाई, मी काही नाही केलं. ते टेप मागे घ्या म्हणतंय." मला ते उलट उत्तर वाटलं. सगळ्यांसमोर त्याला बाहेर काढलं आणि वर्षभर संगणकाला हात लावू दिला नाही.

आता कळतंय की त्याने पडद्यावरचं नीट वाचलं होतं. त्या यंत्रातही तुकडे होते, त्यांना क्रमांक होते, ताळा होता. एक तुकडा चुकला होता आणि ते फक्त पुन्हा मागत होतं. टेप थोडी मागे घेतली असती तर तिथूनच पुढे चाललं असतं. मी ताळा केलाच नाही, थेट लाल शेरा मारला.

वर्गातही हेच व्हायचं की. एखादं पोर "बाई, समजलं नाही" म्हणालं की आम्ही म्हणायचो, "लक्ष कुठे होतं?" क्रिस्टेन्सन यांच्या पद्धतीत "नाही मिळालं" म्हणणाऱ्याला कोणी रागवत नाही. तेवढाच तुकडा पुन्हा, तोही दहा-दहा वेळा.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. असो. नातलगांपैकी कुणी आमच्या शाळेतलं हे वाचत असेल आणि त्याला ओळखत असेल, तर एवढा निरोप द्या की बाईंनी ताळा केला. चूक बाईंची होती.